पाच नंबरची खाट: थॅलेसेमिया असलेल्या एका किशोराच्या शोकाचे प्रकरण

हे प्रकरण ठाणे शहरातील एका डे-केअर केंद्रातले आहे, जिथे थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात पुरेसे निरोगी रक्त तयार न होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना नियमित रक्त चढवले जाते. मी तेथे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. मुलांची नावे बदलली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. कुटुंबाची लेखी संमती घेतली आहे. ज्या मुलाविषयी हे आहे त्याला मसुदा वाचायला दिला होता. त्याने एक परिच्छेद काढायला सांगितला, तो मी काढला.

पार्श्वभूमी

ओंकार तेव्हा १५ वर्षांचा होता आणि दहावीत शिकत होता. घर कोपरखैरणेत, वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार, आई घरी ब्लाउज शिवते आणि पिको-फॉल करते. मूळ गाव साताऱ्याच्या पाटण तालुक्यात. आठव्या महिन्यात बाळ पांढरे पडू लागले, अंगावर पिईना, तेव्हा तपासण्या झाल्या आणि थॅलेसेमिया मेजर असल्याचे कळले. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे लोकांच्या भाषेत 'मायनर' होते, आणि हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. भारतात सुमारे ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. दोन वाहकांच्या पोटी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. ओंकारची थोरली बहीण निरोगी आहे, पण तिची अस्थिमज्जा त्याच्याशी जुळली नाही, त्यामुळे प्रत्यारोपणाचा विषय तिथेच थांबला.

दर तीन आठवड्यांनी शनिवारी ओंकार आणि त्याची आई ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येत. दोन पिशव्या रक्त, साधारण सहा-सात तास. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि ते बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. ओंकारच्या हिशेबाने वर्षाकाठी सात-आठ ग्रॅम लोह त्याच्या अंगात जमा होणार, जेव्हा निरोगी प्रौढाच्या सबंध शरीरात ते तीन-चार ग्रॅमच असते. हे जादा लोह यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत आणि हृदयात साठते. ते बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. ओंकारचे औषध म्हणजे पाण्यात विरघळवून उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या. सकाळी सहा वाजता स्टीलच्या पेल्यात चमचा फिरवत बसायचे, खडू कालवल्यासारखे ते पाणी प्यायचे, तळाशी उरलेला साका पुन्हा पाणी घालून प्यायचा आणि मग अर्धा तास काही खायचे नाही.

लोहामुळे पिट्युटरी ग्रंथीवरही परिणाम होतो आणि वयात येणे लांबते. ओंकार पंधराव्या वर्षी बारा वर्षांचा दिसे. आवाज फुटलेला नव्हता. बसमध्ये कंडक्टर न विचारताच त्याचे हाफ तिकीट फाडत असे, आणि तो प्रत्येक वेळी "फुल" असे सांगून वरचे पैसे देत असे. हा तपशील मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण पुढे जे घडले त्यात त्याला महत्त्व आहे.

शेजारच्या, म्हणजे पाच नंबरच्या खाटेवर निखिल असे. वय १९, राहायला ठाण्याजवळच्या दिव्याला, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला, आणि संध्याकाळी एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. खरे तर वयाने तो मोठ्यांच्या विभागात जायला हवा होता, पण तसा विभाग नव्हता आणि त्याला इथून जायचेही नव्हते. सात वर्षे या दोघांचा वार एकच होता. सुई टोचताना पायाचा अंगठा दुसऱ्या पायाने दाबून धरायचा, म्हणजे हाताकडे लक्ष जात नाही, हे ओंकारला निखिलने शिकवले. दोघे डाव्या अंगठ्याने फोनवर लुडो खेळत, कारण उजव्या हाताला सुई असे. आणि निखिलला मिशी फुटली होती. हार्मोनची इंजेक्शने घेऊन फुटली होती, पण फुटली होती. ओंकारच्या लेखी ही मिशी कोणत्याही समुपदेशनापेक्षा मोठा पुरावा होती: आपल्यासारखा मुलगा कॉलेजात जातो, पगार घेतो, दाढी करतो.

निखिलने तेरा ते सोळा या वयात औषधात बरीच टाळाटाळ केली होती. त्या काळात हृदयात साठलेले लोह नंतर दोन वर्षे रोज रात्री लोह काढणाऱ्या औषधाचा पंप पोटाला लावून आणि सोबत कॅप्सूल घेऊनही पुरेसे निघाले नव्हते. जुलैमध्ये त्याला ताप आला, धडधड वाढली, आणि अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी हृदय निकामी होऊन तो गेला.

समस्या कशी उभी राहिली

त्यानंतरच्या शनिवारी ओंकार आला तेव्हा पाच नंबरच्या खाटेवर घडी घातलेली चादर होती. त्याने सिस्टरांना विचारले. सिस्टर म्हणाल्या, "गावाला गेलाय." मी दारातच उभी होते. मी त्यात माझी भर घातली: "सुट्टी असेल कॉलेजला." दोन वाक्ये, आणि दोन्ही खोटी. त्याच्या आईने आदल्या दिवशी फोन करून विनवले होते की त्याला एवढ्यात सांगू नका, दहावीचे वर्ष आहे, आणि रक्त लागत असताना तर अजिबात नको. ही विनंती मी कोणाशीही न बोलता मान्य केली. पुढच्या वेळी त्याने पुन्हा विचारले तेव्हा निखिलने वार बदलल्याचे सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी त्याने विचारले नाही. त्याला बरे वाटू लागले असावे, असा अर्थ आम्ही काढला. आज तो वाचताना लाज वाटते, पण केस पेपरवर तेव्हा "मूल स्थिर" असेच लिहिलेले आहे.

सप्टेंबरमध्ये तिमाही रक्ततपासणी झाली. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, २,४०० च्या आसपास असायचे, ते ३,९०० झाले होते. फेरिटिन संसर्गानेही वाढते, म्हणून डॉक्टरांनी आधी तो विचार केला. त्याच आठवड्यात आईला घरातल्या मोरीच्या कडेला, नळाच्या मागे, चुन्याच्या निवळीसारखा एक वाळलेला पांढरा ओघळ दिसला. तिने नखाने खरवडून पाहिले. पेल्याच्या तळाशी दिसणारा साका तिने वर्षानुवर्षे पाहिला होता, त्यामुळे तिला तो ओळखायला वेळ लागला नाही. औषध पाण्यात विरघळत होते, चमचा वाजत होता, पेला रिकामा होत होता, फक्त पोटात काही जात नव्हते. नक्की किती दिवस, हे तिला कळेना.

पुढच्या शनिवारी आमच्या चमूतील एकाने, अगदी कळवळ्याने, खाटेशेजारी बसून त्याला समजावले. समजावताना बोलून गेले, "निखिलचं काय झालं ते माहीत आहे ना? गोळ्या नाही घेतल्या की असं होतं." म्हणजे निखिल गेल्याची जी बातमी दोन महिने लपवली होती, ती पहिल्यांदा उच्चारली गेली तीच धाकाच्या रूपात. ओंकार काही बोलला नाही. सलाइनचे स्टँड ढकलत तो स्वच्छतागृहात गेला आणि आतून कडी लावून घेतली. पिशवी अर्धी चढायची बाकी होती. एकदा सुरू केलेली रक्ताची पिशवी चार तासांच्या आत संपवावी लागते, त्यामुळे सिस्टर दाराबाहेर घड्याळ पाहत उभ्या, आई दारावर थाप मारत, आणि आतून आवाज नाही. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि चार नंबरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला.

कोणते पर्याय विचारात घेतले

त्या गुरुवारी बैठक झाली. बालरक्तरोगतज्ज्ञ डॉक्टर, प्रमुख परिचारिका, आठवड्यातून एकदा येणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मी.

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते आणि चुकीचे नव्हते. ओंकारच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये टी-टू-स्टार हे मूल्य गेल्या वर्षी १६ मिलिसेकंद आले होते. ते २० च्या खाली गेले म्हणजे हृदयात लोह साठू लागले असे मानतात आणि १० च्या खाली धोका फारच वाढतो. एक मूल गमावल्यानंतर दोनच महिन्यांत दुसरे त्याच वाटेने जाताना पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा प्रस्ताव होता की आठवडाभर दाखल करून शिरेवाटे औषध द्यावे, आणि घरी परतल्यावर आईने समोर बसवून गोळी पाजावी. याने आकडा खाली आला असता. पण पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी जिभेखाली तपासत किती दिवस पाजणार, हा प्रश्न होता. आणि आईने पोलीस व्हायचे ठरवले तर त्या घरात त्याला रडायला जागा कुठली उरणार?

मानसोपचारतज्ज्ञांकडे थेट पाठवण्याचा पर्यायही चर्चेला आला. तो आम्ही फेटाळला नाही, राखून ठेवला. झोप, भूक, शाळा, स्वतःला इजा करण्याचे विचार यांपैकी कशातही धोक्याची खूण दिसली तर त्याच दिवशी पाठवायचे, असे ठरले. तो निव्वळ शोकात असेल तर त्याला आणखी एका आजाराचे नाव देण्याची घाई नको, असे मानसशास्त्रज्ञांचे मत होते.

मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: "निखिल गेला हे या मुलाला कोणी सांगितलं?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणीच सांगितले नव्हते. धमकीत उल्लेख झाला होता, तेवढाच. त्या क्षणापर्यंत आमच्या कागदावर हे प्रकरण "औषध न घेणे" या शीर्षकाखाली होते. निखिल त्याचा कोण होता याची नोंद कुठेही नव्हती, कारण तशी नोंद करायला फॉर्मवर रकानाच नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकासाठी एक संकल्पना मांडली, जिचा भावार्थ असा की समाज ज्या नात्याला नाते मानत नाही, त्या नात्यातल्या दुःखाला तो जागाही देत नाही. आपल्याकडे हे फार ठळकपणे दिसते. ओंकारला ना सुतक, ना खांदा, ना दहाव्याला जाणे. शाळेत "मित्र वारला" म्हणून रजा मिळत नाही. आणि मित्र कुठला, तर दवाखान्यातला.

अखेर ठरले ते असे: आधी सत्य सांगायचे, शोकाला वेळ द्यायचा, पण सहा आठवड्यांची मर्यादा घालून. तोवर पंधरवड्याला ईसीजी आणि वजन, आणि धडधड, धाप किंवा पायांवर सूज यांपैकी काहीही दिसले तर चर्चा न करता दाखल करायचे. सहा आठवड्यांनी औषध किमान निम्मे दिवस सुरू झाले नाही तर डॉक्टरांचा मूळ प्रस्ताव अमलात आणायचा. डॉक्टरांनी हे नाइलाजाने मान्य केले आणि "नाइलाजाने" हा शब्द इतिवृत्तात घालायला लावला.

प्रत्यक्ष काय केले

सांगायचे कोणी, यावर आईशी दोनदा बोलणे झाले. तिला वाटे डॉक्टरांनी सांगावे. मी म्हटले, सोबत मी बसते, पण शब्द तुमचे असू द्या. आहारतज्ज्ञांची खोली त्या दिवशी रिकामी होती, तिथे तिघे बसलो. ती बराच वेळ पदराच्या काठाला पीळ देत राहिली आणि मग म्हणाली, "बाळा, निखिलदादा गेला रे."

ओंकार म्हणाला, "माहितीये. तू त्या दिवशी दिव्याहून आलीस तेव्हा दारातूनच मला बादली भरायला लावलीस. संध्याकाळी केस धुतलेस. मला म्हणालीस, बारशाला गेले होते."

मयताहून आलेले माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. खात्री पटायला त्याला फक्त दहा दिवस लागले, कारण दहाव्याच्या सकाळी निखिलच्या चुलतभावाने व्हॉट्सअॅप स्टेटसला "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलेला फोटो ठेवला होता. ज्या दोन शनिवारी त्याने आम्हाला निखिलबद्दल विचारले, त्यांपैकी दुसऱ्या वेळी तो माहिती विचारत नव्हता. आम्ही खरे बोलतो का, ते पाहत होता.

त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी त्याची एकट्याची भेट घेतली आणि स्वतःला संपवण्याचा विचार मनात येतो का, हे आडवळण न घेता विचारले. पालकांना अशा प्रश्नाची भीती वाटते, जणू विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात घातली जाईल. तसे होत नाही, उलट न विचारल्याने मूल एकटे पडते. ओंकारचे उत्तर होते, "मरायचं नाहीये मला. फक्त गोळी नाही घ्यायची." या दोन वाक्यांत विसंगती आहे हे त्यालाही कळत होते. ती लगेच सोडवायची नाही, एवढे पथ्य आम्ही पाळले. तरीही रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर असू द्या म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि आईच्या फोनमध्ये टाकून दिला.

तिसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. जूनअखेरच्या ज्या शनिवारी ते दोघे शेवटचे सोबत होते, त्या दिवशी निखिलच्या पायांना सूज होती. चप्पल काढल्यावर पट्ट्यांचे वळ पावलावर तसेच राहिले होते. निखिलने ओंकारला ते बोटाने दाबून दाखवले, खड्डा पडला, दोघे हसले, आणि निखिल म्हणाला, "सिस्टरला बोलू नको, उगाच अॅडमिट करतील, सोमवारी दुकानात जायचंय." ओंकार बोलला नाही. पुढे निखिल गेल्यावर त्याने पायांची सूज आणि हृदय यांचा संबंध मोबाइलवर शोधून वाचला. तेव्हापासून तो मनाशी एकच गोष्ट घोळवत होता, की आपण तोंड उघडले असते तर दादा वाचला असता. गोळी मोरीत ओतणे हा त्याचा दंड होता, स्वतःच स्वतःला केलेला. हे त्याने या शब्दांत सांगितले नाही, तो म्हणाला, "मला कशाला वाचवताय."

इथे निर्णयाचा सर्वांत कठीण प्रसंग आला. निखिलचा कागद मी पुन्हा काढला. त्या शनिवारी त्याचे वजन मागच्या वेळेपेक्षा दोन किलोंनी जास्त नोंदवलेले होते. तीन आठवड्यांत दोन किलो म्हणजे अंगात पाणी साठल्याची शक्यता, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात यायला हवे होते. आले नव्हते. ही गोष्ट ओंकारला सांगावी का? सांगितली तर त्याचा आमच्यावरचा उरलासुरला विश्वास जाण्याचा धोका होता. न सांगावी, तर एका मुलाने मोठ्यांच्या चुकीचे ओझे जन्मभर वाहावे, हे आम्हाला चालत होते असा त्याचा अर्थ झाला असता. डॉक्टरांनी एक रात्र विचार केला. त्यांचे म्हणणे पडले की हे ऐकण्याचा पहिला हक्क निखिलच्या आईवडिलांचा आहे. त्यांना बोलावून, नोंदीचा कागद समोर ठेवून, डॉक्टरांनी स्वतः सांगितले. त्या भेटीत काय झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांच्या परवानगीने नंतर ओंकारला सांगितले.

डॉक्टर त्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या, हृदयाचे चित्र काढले, आणि म्हणाल्या, "पाय तू एकट्याने पाहिले. वजन आम्ही चौघांनी पाहिलं, आणि कागदावर लिहूनसुद्धा आम्हाला दिसलं नाही. त्याने तुला गप्प राहायला सांगितलं, तू पंधरा वर्षांचा आहेस. आम्हाला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं." मग त्याने विचारले की शेवटची दोन वर्षे दादा रोज पंप लावत होता, तरी का गेला? डॉक्टरांनी या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर दिले नाही. आधी साठलेले लोह निघायला वर्षे लागतात, पुष्कळांचे हृदय सुधारते, काहींचे तेवढ्या वेळात सुधारत नाही, आणि निखिल लवकर दाखल झाला असता तरी वाचलाच असता असे मी सांगू शकत नाही, असे त्या म्हणाल्या. ओंकार त्या दिवशी प्रथमच आमच्यासमोर रडला. आई उठून जवळ जाणार होती, पण तिने स्वतःलाच थांबवले.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगते. शाळेला तोवर "रक्त कमी आहे" एवढेच माहीत होते. ओंकारच्या संमतीने वर्गशिक्षिकेला आजार आणि शोक दोन्ही सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतील सवलतींसाठीच्या कागदपत्रांचीही सुरुवात झाली. किशोरवयीन मुलांचा गट सुरू करायचा आमचा प्रयत्न मात्र फसला. पहिल्या बैठकीला तिघे आले, पालक दाराशी घुटमळत राहिले, आणि मुले पाऊण तास क्रिकेटवर बोलली. आता वाटते की तेही वाईट नव्हते, पण आम्ही दुसरी बैठक घेतलीच नाही.

दिवाळीनंतर वडील त्याला दिव्याला घेऊन गेले. ही कल्पना त्यांचीच होती. मुलाच्या आजारपणात ते फारसे पुढे नसत, पहाटे मार्केटला जाणे आणि गाड्या खाली करणे हाच त्यांचा वाटा. त्या दिवशी त्यांनी खाडा केला. निखिलच्या आईने चहा केला, निखिलचे कपाट उघडून दाखवले, आणि त्याचा पंप ओंकारपुढे धरला: "तुला लागेल पुढं, महागाचा आहे." ओंकारने मान हलवली. तो म्हणाला, "काकू, त्याचा पंप माझ्या अंगाला नको. सेंटरला द्या." परतीच्या वाटेवर, ठाण्याला गाडी बदलताना, वडिलांनी त्याला स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल सांगितले, जो लहानपणी गावी वारला होता आणि ज्याचे नाव त्यांच्या घरात कोणी घेत नसे. हे मला ओंकारकडून कळले. वडिलांनी मला सांगितले नाही.

परिणाम

औषधाचा प्रश्न या सगळ्यानंतर आपोआप सुटला असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. डॉक्टरांनी विरघळवायच्या गोळीऐवजी गिळायची, हलक्या खाण्यासोबत चालणारी गोळी दिली, त्यामुळे सकाळचा पेला आणि चमचा गेला. गोळ्यांचा डबा ओंकारच्या ताब्यात, आणि कालनिर्णयाच्या चौकोनात त्याने स्वतः टिंब द्यायचे. आईने चौकोन पाहायचे, विचारायचे नाही. सहाव्या आठवड्यात सातांपैकी चार टिंबे होती, म्हणजे आमची अट जेमतेम पूर्ण झाली. जानेवारीपर्यंत ती पाच-सहावर आली. फेरिटिन ३,१०० पर्यंत उतरले, जे अजूनही जास्तच आहे.

शोक मात्र आमच्या आराखड्याप्रमाणे चालला नाही. स्ट्रोब आणि शूट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की शोकातले माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे असे आलटून पालटून हेलकावे खात असते. ओंकारला पाहताना हे फार नेमके वाटले. एका शनिवारी तो दिवसभर सिस्टरांची नक्कल करून सगळ्यांना हसवी, आणि पुढच्या खेपेला उलट्या कुशीवर पडून राही. डिसेंबरात निखिलच्या वाढदिवसाच्या शनिवारी तो आलाच नाही. सोमवारी आला, हिमोग्लोबिन साडेसात, आणि कारण विचारले नाही म्हणून त्याने स्वतःच सांगितले. मुलांमध्ये शोक दीर्घकाळ रेंगाळल्याचे निदान करण्याआधी किमान सहा महिने जाऊ द्यावेत, असा निकष आहे. जानेवारीत मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा मूल्यमापन केले आणि तसे निदान करण्याची गरज नसल्याचे नोंदवले.

काय वेगळे करता आले असते

आईची विनंती मी फोनवर एकटीने मान्य केली, ही पहिली चूक. मी तिला एवढेच म्हणायला हवे होते की तुम्ही ठरवा कधी सांगायचे, पण त्याने विचारले तर मी खोटे बोलणार नाही. "गावाला गेलाय" याऐवजी "आई तुझ्याशी बोलणार आहे" असे सिस्टर म्हणू शकल्या असत्या. त्यात काही फुटले नसते आणि खोटेही झाले नसते.

निखिलच्या मृत्यूचा दाखला देऊन औषध घ्यायला लावणे यात क्रौर्य नव्हते, घाबरलेपणा होता. पण ज्या मुलाला आपल्यामुळे तो गेला असे वाटते आहे, त्याला "असं होतं बघ" म्हणणे म्हणजे त्याच्या मनातल्या खटल्यात साक्ष देण्यासारखेच झाले. समजा ती सूज त्याने पाहिलेलीच नसती, तरी ते वाक्य चुकलेच असते.

वजनाच्या नोंदीबाबत आता नियम केला आहे: तीन आठवड्यांत दीड किलोहून जास्त वाढ दिसली की सिस्टर लाल पेनाने वर्तुळ करतात आणि डॉक्टरांनी पाय पाहिल्याशिवाय पिशवी लागत नाही. हा नियम निखिलच्या आधी करता आला असता.

आणि एक गोष्ट जी बैठकीत कोणी काढली नाही. निखिलला आठव्या वर्षापासून सुई टोचणाऱ्या सिस्टर, ज्यांनी "गावाला गेलाय" म्हटले, त्यांना त्या आठवड्यात कोणी विचारले नाही की तुम्हाला कसे वाटते आहे. त्यांना ते वाक्य मुलासाठी बोलावे लागले की स्वतःसाठी, हे मला अजून ठरवता येत नाही.

ओंकारने मसुदा वाचल्यावर आमच्याकडे एक मागणी केली: पुढच्या वेळी कोणी गेले तर त्याला त्याच दिवशी सांगायचे, आणि आईला आधी नाही. पहिला भाग आम्ही लिहून घेतला आहे. दुसरा मान्य करता येणार नाही, तो १८ वर्षांचा होईपर्यंत तरी, हेही त्याला सांगितले. प्रत्येक किशोरवयीन मुलाच्या कागदावर आता एक ओळ असते: केंद्रात जवळचे कोण, आणि वाईट बातमी असेल तर कोणी सांगावी. मुले ती ओळ स्वतः भरतात. फेब्रुवारीत आमच्याकडे आणखी एक मृत्यू झाला. त्या मुलीच्या खाटेशेजारच्या बारा वर्षांच्या मुलीने त्या ओळीत "सिस्टर" असे लिहिले होते. तिच्या पालकांनी मात्र सांगायला नकार दिला आहे. ती दर पंधरा दिवसांनी येते आणि विचारते. सिस्टर तिला सांगतात की याबद्दल तुझ्या आईबाबांशी आमचे बोलणे चालू आहे. ते बोलणे अजून चालू आहे.